खा म्हणाली म्हणून खाल्लं!

"खा," पा म्हणाली आणि आल्यासारखी दिसणारी एक जाड चकती तिनं माझ्या तळहातावर ठेवली.

आता कुणी इतक्या प्रेमानं ‘खा’ म्हटल्यावर आपण काय करतो? खातो. मीही कचकन चावा घेतला.

पुढच्या अर्ध्या मिनिटात बरंच काही झालं. आधी दात लाकडात रुतले. मग तोंडात कुणीतरी बामची बाटली उपडी केली असं वाटलं. नाकातून निलगिरीच्या तेलाचा वास यायला लागला, जीभ चुरचुरली, डोळ्यांत पाणी आलं. आणि पा? ती पोट धरधरून हसत होती. कारण तिनं मला खायला सांगितलंच नव्हतं. ‘हे काय आहे?’ असं मी हातवारे करून विचारलं होतं आणि तिनं सरळ उत्तर दिलं होतं. त्या वस्तूचं नावच मुळी ‘खा’!

ही गोष्ट बँकॉकमधली. नोकरीच्या निमित्तानं मी तिथे दोन वर्षं राहत होते. थाई भाषेत गल्लीला ‘सॉय’ म्हणतात, आणि त्या सॉयमध्ये माझी अगदी छान सोय झाली होती, कारण शेजारी पा राहायची. ‘पा’ हे काही तिचं नाव नव्हे. आईबाबांहून वयानं मोठी असलेली आत्या किंवा मावशी म्हणजे पा. त्या वयाच्या कुठल्याही बाईला तिकडे पा म्हणतात. आपण नाही का भाजीवालीलाही मावशी म्हणत, तसं. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची जेमतेम. त्यात थाई भाषेला पाच सूर. ‘खा’ खालच्या सुरात म्हटलं तर ती चकती, आवाज वर चढवत म्हटलं तर पाय, आणि वरून खाली सोडला तर किंमत! माझा सूर कायम चुकायचा. त्यामुळे आम्ही दोघी बोलायचो कमी आणि वास जास्त घ्यायचो. थाई करीचा अभ्यास करायला ही फार चांगली पद्धत आहे, हे मला मागाहून कळलं.

तर, खा. हे आल्याचं भावंड. मराठीत त्याला कोष्टकोलिंजन किंवा कुलिंजन म्हणतात. काष्ठौषधींच्या दुकानात त्याचे वाळलेले तुकडे मिळतात. घसा बसला की गाणारी मंडळी ते तोंडात धरतात. आलं, हळद, आंबेहळद, वेलदोडा आणि पावसाळ्यात घमघमणारा सोनटक्का ही सगळी एकाच कुळातली. यातल्या खा, हळद आणि आल्याला आपण सहज ‘मुळं’ म्हणून जातो, पण ती मुळं नाहीतच. विश्वास बसत नसेल तर स्वयंपाकघरातून आल्याचा तुकडा घेऊन या. त्याच्यावर वळ्यांसारख्या आडव्या रेषा दिसतील. मधेच एखादा फुगीर डोळाही दिसेल. मुळाला असा डोळा नसतो. डोळा खोडाला असतो आणि तिथूनच नवा कोंब फुटतो. म्हणजे ही सगळी जमिनीखाली आडवी झोपलेली खोडं.

आणि माझ्या नाकाला जो निलगिरीचा वास आला, तो भास नव्हता. निलगिरीच्या पानांत सिनिओल नावाचा पदार्थ असतो. खामध्येही तोच असतो. दोन झाडं एकमेकांची कुणीही लागत नाहीत, पण वास तोच.

झाडं हे उद्योग कशाला करतात? आपल्या आमटीसाठी तर नक्कीच नाही. झाडाला पळता येत नाही, चावता येत नाही, ‘आई, हा बघ ना’ म्हणून ओरडताही येत नाही. अळी पान कुरतडायला आली, बुरशी खोडात घुसायला लागली, तर झाड करणार काय? ते रसायनं बनवतं. कडू, झोंबरी, उग्र वासाची. ती इवल्या इवल्या पिशव्यांमध्ये भरून ठेवतं. कुणी चावलं की पिशवी फुटते आणि चावणाऱ्याची फजिती होते. माझी झाली तशी.

लसूण तर याहून हुशार. अख्ख्या पाकळीला फारसा वास येतच नाही. तिच्या पेशींमध्ये एकीकडे एक पदार्थ असतो आणि दुसरीकडे त्याला बदलून टाकणारं विकर. मधे भिंत. पाकळी ठेचली की भिंत पडते, दोघांची गाठ पडते आणि तो घरभर पसरणारा लसणीचा वास त्या क्षणी तयार होतो. आधी तो नव्हताच!

हे कळलं आणि मग पा दर रविवारी सकाळी तासभर काय ठोकत बसते तेही कळलं.

तिच्याकडे एक दगडी खल होता. आपल्या खलबत्त्याचा पैलवान भाऊच म्हणा ना. थाई भाषेत त्याला ‘ख्रोक’ म्हणतात. बँकॉकच्या आग्नेयेला समुद्रकाठी आंग सिला नावाचं गाव आहे, तिथले ग्रॅनाइटचे ख्रोक नावाजलेले. पा जमिनीवर फतकल मारून बसायची, खालच्या फरशीला तडा जाऊ नये म्हणून ख्रोकखाली घडी केलेलं फडकं ठेवायची आणि सुरू व्हायची. पोक, पोक, पोक. माझ्या घरातल्या भांड्यांनाही तो ताल कळायचा.

कुटायचा क्रम ठरलेला. सगळ्यात कडक ते सगळ्यात आधी. लाल करी असेल तर भिजवलेल्या वाळक्या मिरच्या आणि चिमटीभर खडेमीठ. मीठ चवीसाठी तर असतंच, पण त्याचे खडे वाळूसारखं काम करतात, मिरचीची साल त्यांच्यामुळे लवकर चिरडते. मग खा. मग गवती दांडे, साली, मुळ्या (कशाच्या, ते पुढे सांगते). लसूण आणि छोटे गुलाबी कांदे शेवटाकडे, कारण ते ओले. आधी घातले तर सगळं निसटायला लागतं. मी एकदा तिला माझा मिक्सर देऊ केला. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की मी तो मुकाट्यानं परत नेला. पण तिचं बरोबर होतं. मिक्सरचं पातं कापतं, बत्ता चिरडतो. कापल्यावर काही पिशव्या फुटतात, चिरडल्यावर बहुतेक सगळ्या. शिवाय मिक्सर फिरायला पाणी घालावं लागतं, मग ते वाटण तेलात परतताना नुसतं तडतडतं, परतलं जातच नाही.

आता त्या गवती दांड्यांची गोष्ट. पाच्या टोपलीत मला ते दिसले आणि मी आनंदानं ओरडलेच, "अगं, हा तर गवती चहा!" आपल्या अंगणात, गॅलरीतल्या डब्यात, सगळीकडे असतो तोच. थाई नाव ‘तख्राय’. मी चहाच्या तयारीनं पुढे झाले, तेवढ्यात पाने काय करावं? सुरी घेतली, लांब हिरवी पाती खचकन कापली आणि कचऱ्यात टाकली! तिनं ठेवला फक्त बुंध्याजवळचा वीतभर पांढरट दांडा. वरचे दोन थर सोलून आतला कोवळा गाभा तिनं बारीक बारीक चिरला. मी कचऱ्यातून पाती उचलत होते आणि ती माझ्याकडे ‘ही बाई कचरा का गोळा करते आहे?’ अशा नजरेनं बघत होती.

आपण पाती उकळतो आणि बुंधा टाकतो. ती बुंधा कुटते आणि पाती टाकते. एकाच झाडाचे आम्ही दोघींनी मिळून वाटे केले, आणि त्या दिवसापासून तिची पाती माझ्या चहात जायला लागली.

गवती चहाला लिंबासारखा वास येतो तो सिट्रालमुळे. लिंबाच्या सालीतही सिट्राल असतं, पण गवती चहाच्या तेलात ते लिंबापेक्षा कितीतरी जास्त. नात्यानं मात्र हा लिंबाचा कुणीच नाही. तो गवत आहे. ज्वारी, ऊस आणि वाळा हे त्याचे जवळचे भाऊबंद. आणि सिट्रालची भाषा मधमाश्यांनाही येते बरं का! कामकरी माशी पोटाच्या टोकाजवळच्या एका ग्रंथीतून वास सोडून इतर माश्यांना सांगते, ‘इकडे या, घर इथे आहे.’ त्या वासात सिट्राल असतं. म्हणून मधुमक्षिकापालक रिकाम्या पेटीत गवती चहाच्या तेलाचे थेंब लावतात आणि भटकणारं मोहोळ ‘अरे, कुणी बोलावलं का?’ म्हणून आत शिरतं.

कोथिंबिरीचंही तेच झालं. बाजारात पा जुडी निवडायची ती पानांकडे न बघता, उलटी करून. मुळ्या लांब हव्यात, जाड हव्यात! आपण जुडी घरी आणली की पहिलं काम म्हणजे मातीसकट मुळ्या छाटून टाकणं. ती त्या घासून धुवायची आणि लसूण व पांढऱ्या मिऱ्यांबरोबर कुटायची. या तिघांना थाई स्वयंपाकात ‘साम क्लोअ’ म्हणतात. म्हणजे तीन जिगरी दोस्त. कोथिंबिरीच्या पानांचा वास उडून जाणारा असतो. उकळत्या भांड्यात घातली की पाच मिनिटांत ती नुसती हिरवी उरते. मुळीचा वास मातकट, खोल आणि चिवट. तो टिकतो. (घरी एकदा मुळी धुऊन, ठेचून, वास घेऊन बघा. नंतर आईला विचारून वरणात घाला. न विचारता घालू नका, नाहीतर माझं नाव सांगाल.)

आता माझी सगळ्यात लाडकी वस्तू. मकरूतचं पान.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, दोन पानं कुणीतरी टोकाला टोक चिकटवली आहेत. इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. वर एक पान, खाली एक पान, मधे बारीक कंबर. मकरूत हे लिंबाच्या जातीचं काटेरी झाड. त्याच्या शास्त्रीय नावातल्या ‘हिस्ट्रिक्स’चा अर्थ ‘साळिंदर’, यावरून काटे किती ते समजा. फळ हिरवं, लिंबाएवढं, पण त्याच्यावर सुरकुत्या आणि टेंगळंच टेंगळं. रस जेमतेम. साल किसून करीच्या वाटणात घालतात. थायलंडमध्ये पूर्वापार या फळानं केसही धुतात, आपल्या शिकेकाईसारखे. पान मात्र असं सुगंधी की नुसतं फाडलं तरी बोटांना तासभर वास राहतो. हा वास सिट्रोनेलालचा. डास पळवणाऱ्या सिट्रोनेला तेलातही ते असतं.

पण पानाला कंबर का? यासाठी बँकॉकला जायची गरज नाही. कुठल्याही लिंबाचं पान तोडा. जिथे देठ संपतो आणि पान सुरू होतं, तिथे बारीकसा सांधा दिसेल. हलकेच वाकवलं तर तिथेच मोडतं. देठाला दोन्ही बाजूंनी चिंचोळी हिरवी पट्टीही असते, जणू छोटे पंख. कागदी लिंबात हे पंख अगदी अरुंद असतात, पपनसात चांगले रुंद, आणि मकरूतमध्ये ते इतके मोठे होतात की देठच दुसरं पान वाटायला लागतो. म्हणजे खालचं ‘पान’ हा खरं तर पंख फुटलेला देठ!

आणि तो सांधा? तो तर जुन्या काळची खूण आहे. बेलाचं पान आठवा. एका देठावर तीन पर्णिका. कढीपत्त्याची काडी आठवा, एका देठावर कितीतरी. बेल, कढीपत्ता, कवठ आणि लिंबू हे सगळे एकाच कुळातले. लिंबाचं पानही मुळात तसंच संयुक्त पान आहे, फक्त त्याची एकच पर्णिका उरली आहे. ती जिथे जोडलेली होती तो सांधा तेवढा राहून गेला. चीनमध्ये एक संत्र्याचा नातेवाईक आहे, त्याला अजूनही बेलासारखी तीन दळं येतात.

पान हातात आहेच तर ते उन्हाकडे धरा. सुईनं टोचल्यासारखे उजळ ठिपके दिसतील. ती भोकं नाहीत. ते तेलाचे बुधले आहेत. मघाशी मी ज्या पिशव्या म्हणत होते ना, त्या याच. पा हे पान करीत घालताना मधली शीर काढायची आणि हातानं फाडायची. फाडताना बुधले फुटतात.

मिरचीकडे वळू या. मिरचीशिवाय थाई करी म्हणजे काय, असं पाला विचारलं तर ती हसली असती. पण ५०० वर्षांपूर्वी तिथे मिरची नव्हतीच. आपल्याकडेही नव्हती. मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५११ मध्ये मलाक्का घेतलं, आणि त्याच वर्षी त्यांचा दूत सयामच्या राजधानीत, अयुथ्येला पोचला. थायलंडचं जुनं नाव सयाम. पोर्तुगीजांच्या या ये-जा करण्यातूनच मिरची आपल्याकडे आली आणि तिकडेही गेली असं मानतात.

त्याआधी तिखट कशानं करायचे? मिऱ्यांनी. थाई भाषेत मिऱ्यांना ‘फ्रिक’ म्हणायचे. मग ही नवी लाल बया आली आणि तिनं नावच पळवलं. आता फ्रिक म्हणजे मिरची, आणि बिचाऱ्या मिऱ्यांना म्हणतात ‘फ्रिक थाय’, म्हणजे ‘आपली थाई फ्रिक’. तुम्ही हसाल, पण आपण काय वेगळं केलं? मिरी... मिरची. आपणही पाहुणीला घरातल्याच माणसाचं नाव चिकटवलं की!

थाई मिरच्यांची नावं झकास आहेत. एक आहे ‘फ्रिक ची फा’, आकाशाकडे बोट दाखवणारी मिरची, कारण ती झाडावर वर तोंड करून येते. आणि सगळ्यात छोटी, सगळ्यात जहाल ती ‘फ्रिक खी नू’. अर्थ सांगू? उंदराच्या लेंडीची मिरची. आकारामुळे! हिरव्या करीत ताज्या हिरव्या मिरच्या कुटतात, त्यात ही असतेच. हिरव्या करीचं थाई नाव ‘कॅंग खियाव वान’, शब्दशः हिरवी गोड करी. पहिल्या दिवशी मी ते नाव वाचून निर्धास्तपणे मोठा घास घेतला होता. नंतर समजलं की ‘गोड’ हा चवीबद्दल नाही, रंगाबद्दल आहे. आपल्याकडे थंडी गुलाबी असते, तसा त्यांच्याकडे हिरवा रंग गोड असतो.

मिरचीनं तोंड भाजतं ते कॅप्सायसिनमुळे. हे बियांत असतं असं सगळे सांगतात, पण ते बनतं बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात. आपल्या जिभेत उष्णता ओळखणारी दारं असतात. ४३ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान गेलं की ती उघडतात आणि मेंदूला निरोप जातो, ‘भाजलं!’ कॅप्सायसिन हे त्या दाराची बनावट किल्ली आहे. भाजत काहीच नाही, तरी दार उघडतं, मेंदू फसतो आणि अंगाला घाम आणतो. हे दार डेव्हिड ज्युलियस या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेनं १९९७ मध्ये शोधून काढलं. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता तो यासाठी. पक्ष्यांना मात्र ही किल्ली लागत नाही. ते मिरची मिटक्या मारत खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. उंदीर, माकडं आणि आपण बिया चावून टाकतो, म्हणून आपल्याला शिक्षा!

तोंड भाजलं की पाणी पिऊन उपयोग होत नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. ते विरघळतं स्निग्ध पदार्थात. आणि इथे येतो ससा.

खरंच ससा. पाच्या ओट्याखाली एक लाकडी ससा होता, पाठीवर बसायला सपाट जागा असलेला, आणि तोंडातून बाहेर आलेली दातेरी लोखंडी पट्टी. नारळ खवायची खोवणी! आपल्या विळीला जशी पुढे खोवणी असते तशीच, पण तिकडच्या जुन्या खोवण्या सशाच्या आकाराच्या असत आणि आकार कुठलाही असला तरी तिला अजूनही ‘क्रताय’, म्हणजे ससाच म्हणतात. पुढे आलेल्या दातांमुळे म्हणे. मला त्या सशावर बसून नारळ खवायला इतकं आवडायचं की पाला हवं त्याच्या दुप्पट खोबरं व्हायचं.

खवलेलं खोबरं पिळून रस काढायचा. कोकणात आपण म्हणतो जाड रस आणि पातळ रस. थाई लोक म्हणतात ‘हुआ कथी’ आणि ‘हांग कथी’, नारळाच्या दुधाचं डोकं आणि नारळाच्या दुधाचं शेपूट! आधी डोकं कढईत घालायचं आणि ढवळत राहायचं. हळूहळू दूध फाटल्यासारखं होतं आणि वर तेलाचे चकाकणारे डोळे दिसायला लागतात. याला ‘तॅक मन’ म्हणतात, आपल्या स्वयंपाकघरात ‘तेल सुटणं’ म्हणतात तेच. तेल सुटलं की त्यात कुटलेलं वाटण. आणि मग जो काही वास सुटतो! सिट्राल, सिनिओल, सिट्रोनेलाल, कॅप्सायसिन, ही सगळी मंडळी पाण्याला नाक मुरडणारी आणि तेलात विरघळणारी. तेल त्यांना वाटणातून ओढून घेतं आणि रश्शाच्या थेंबाथेंबात पोचवतं. शेपूट नंतर, रस्सा वाढवायला. सगळ्या थाई करींमध्ये नारळ असतो असं मात्र नाही. पा मूळची उत्तरेकडच्या नान प्रांतातली. "आमच्या डोंगरात कुठला नारळ?" ती म्हणायची. तिकडच्या कितीतरी रश्श्यांत नारळ नसतोच, आणि ‘कॅंग पा’ नावाच्या जंगलातल्या करीतही नसतो.

वाटणात सगळ्यात शेवटी पडतो तो ‘कपी’. घाबरू नका, माकड नाही. आपल्याकडच्या जवळ्यासारखी इवलीशी कोळंबी मिठात मुरवून, उन्हात वाळवून, कुटून केलेला जांभळट तपकिरी गोळा. डबा उघडला की शेजारच्या सॉयमधलं मांजर हजर. नुसत्या कपीचा वास घेतलात तर जेवण नको म्हणाल. पण करीत तो दिसत नाही, वास येत नाही आणि घातला नाही तर काहीतरी हरवल्यासारखं मात्र वाटतं. मुरताना कोळंबीतली प्रथिनं तुटतात आणि ग्लुटामेट मोकळं होतं. टोकियोच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं १९०८ मध्ये समुद्रशेवाळाच्या रश्शातून हेच ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं.

एका करीच्या वाटणात तर मला थेट आपला गरम मसालाच भेटला. वेलदोडा, दालचिनी, लवंग, जायफळ, धणे आणि जिरे. जिऱ्याला थाई भाषेत म्हणतात ‘यीरा’! ही मसामान करी. मुसलमान व्यापाऱ्यांबरोबर आलेली म्हणून तिचं नाव तसं. एरवी थाई करीत ओला वास पुढे असतो, हिच्यात सुका.

गॅस बंद करायच्या आधी पा मूठभर पानं टाकायची. ‘होरफा’. बडीशेपेचा वास, जांभळी दांडी. हा आपला सब्जाच, ज्याचं बी फालुद्यात फुगतं. त्याचा वास उष्णतेनं पळतो म्हणून तो सगळ्यात शेवटी. होरफाची बहीण ‘कफ्राव’ मात्र करीत सहसा जात नाही. तिच्याबरोबर तिखटजाळ मांस परततात आणि भातावर वाढतात. पहिल्यांदा ती पानं चुरगाळून वास घेतला आणि मी गप्प झाले. तुळस. लवंगेचा वास देणारं युजेनॉल असलेली, आपल्या वृंदावनातली तुळस. पानं शिजवायला घेताना माझा हात क्षणभर अडलाच. पाने विचारलं, काय झालं? मी फोनमध्ये आमच्या गावाकडच्या तुळशी वृंदावनाचा फोटो दाखवला. तिनं तो बराच वेळ बघितला, कुंडीला एवढं मोठं देऊळ कशाला असं काहीतरी म्हणाली, आणि त्या दिवशी तिनं मला कफ्रावऐवजी दुसरंच काहीतरी खायला घातलं.

परत यायच्या आधीच्या रविवारी मी तिला जेवायला बोलावलं. बांगड्याचं तिखलं केलं. आईनं पाठवलेली तिरफळं त्यात ठेचून घातली. तिरफळ हेही लिंबाच्याच कुळातलं. काळं बी काढून टाकायचं आणि नुसतं टरफल वापरायचं. जिभेवर ठेवलं की ती मुंग्या आल्यासारखी थरथरते. याच्या चिनी चुलतभावावर लंडनच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये प्रयोग केला, तेव्हा ओठांना सेकंदाला सुमारे ५० वेळा थरथरल्यासारखं वाटतं असं दिसलं.

पाने झाकण उघडलं, वास घेतला आणि तिचे डोळे विस्फारले. "माख्वेन!" तिनं माझ्या डबीतली तिरफळं तळहातावर ओतली, एक चावलं, आणि नानच्या डोंगरांबद्दल भराभरा बोलत सुटली. मला त्यातलं फारसं कळलं नाही. एवढंच समजलं की तिच्या गावी मांसाच्या मसाल्यात हीच फळं घालतात आणि बँकॉकमध्ये तिला ती कितीतरी दिवसांत मिळाली नव्हती.

मी तिच्या ताटात भात वाढला, वर बांगडा आणि रस्सा घातला, आणि अस्सल मराठीत म्हटलं, "खा!"

पाने चमच्यानं रस्सा ढवळला. तळापर्यंत शोधलं. मग माझ्याकडे बघून तिनं मान हलवली.

"माय मी खा," ती म्हणाली. यात खा नाहीये.